रामकृष्ण गोपाळ भांडारकर

सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर (जन्म : मालवण, ६ जुलै १८३७, मृत्यू : पुणे, २४ ऑगस्ट १९२५) हे संस्कृतचे पंडित, भाषाशास्त्रज्ञ, प्राचीन भारताच्या इतिहासाचे संशोधक आणि समाज व धर्मसुधारक होते. ग्रंथ, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि भाषेचे व्याकरण या सर्व साधनांची चिकित्सा करून निष्कर्ष काढण्याची आधुनिक पद्धत भारतीय विद्वानांत ज्यांनी रुजविली, त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

== बालपण व घराणे ==

भांडारकरांचा जन्म मालवण येथे गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ आडनाव पत्की असून पूर्वजांपैकी एकाने सरकारी भांडारात, म्हणजे खजिन्यात काम केल्यामुळे भांडारकर हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. भांडारकरांच्या बालपणी मालवण हे सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरचे एक लहान बंदर होते व तेथे इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती.

वडील गोपाळराव हे महसूल खात्यात कारकून होते. घरात वंशपरंपरागत शास्त्राध्ययनाची परंपरा नव्हती. पुढे संस्कृतचे पंडित म्हणून कीर्ती पावलेल्या भांडारकरांच्या जीवनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण संस्कृत विद्येकडे ते पाठशाळेच्या मार्गाने आले नाहीत. वडिलांची बदली रत्नागिरीस झाल्यामुळे त्यांना तेथील सरकारी इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. ही बदली झाली नसती तर मालवणातील कारकुनाच्या मुलाला उच्च शिक्षणाची वाट सापडणे कठीण होते.

== शिक्षण ==

रत्नागिरीतील शिक्षण संपवून भांडारकर १८५३ साली मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. त्या काळी कोकणातून मुंबईस येणारे विद्यार्थी गलबताने प्रवास करीत, आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की घराशी संबंधही जवळजवळ तुटत असे. एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी वाङ्मय, इतिहास, गणित व पदार्थविज्ञान हे विषय शिकविले जात. दादाभाई नवरोजी हे त्या काळात तेथे गणिताचे अध्यापक होते. भांडारकरांची विद्यार्थिदशेतील गती मुख्यतः इंग्रजी व गणित या विषयांत होती. पुराव्याशिवाय विधान न करण्याची आणि एकेक पायरीने सिद्धान्ताकडे जाण्याची सवय त्यांना याच शिक्षणातून लागली.

शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांची दक्षिणा फेलो म्हणून नेमणूक झाली. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. कंपनी सरकारने त्या निधीचे स्वरूप हळूहळू बदलत नेले आणि अखेर त्यातील काही रक्कम महाविद्यालयातील तरुण पदवीधरांना व अध्येत्यांना शिष्यवृत्ती म्हणून देण्यास सुरुवात केली. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी भांडारकरांना संस्कृतचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले. त्यानुसार विशीच्या सुरुवातीस त्यांनी संस्कृतचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. पुण्याच्या महाविद्यालयात, जे पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले, फेलो असताना त्यांनी जुन्या पद्धतीच्या शास्त्र्यांकडून व्याकरण, न्याय व वेदान्त यांचे पाठ घेतले.

अशा रीतीने त्यांच्या शिक्षणात दोन प्रवाह एकत्र आले. शास्त्र्यांकडून मूळ ग्रंथ अक्षरशः लावण्याचे सामर्थ्य मिळाले, तर इंग्रजी शिक्षणातून तुलना व कालक्रम यांची दृष्टी मिळाली. पाठशाळेतील पंडितांना ग्रंथ मुखोद्गत असत, पण ग्रंथ कोणत्या काळी रचला गेला हा प्रश्न त्यांना फारसा महत्त्वाचा वाटत नसे. युरोपीय विद्वानांना काळाचा प्रश्न महत्त्वाचा वाटे, पण परंपरेतील अर्थ त्यांच्या हातून अनेकदा निसटत असे. भांडारकरांचे पुढील सर्व संशोधन या दोन उणिवा टाळण्याच्या प्रयत्नातून उभे राहिले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६२ साली विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत भांडारकर, महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे होते. पुढच्याच वर्षी भांडारकरांनी एम. ए. ही पदवी संपादन केली.

== अध्यापन ==

१८६४ साली भांडारकर सिंधमधील हैदराबाद येथील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि १८६५ साली त्याच पदावर रत्नागिरीस आले. ज्या शाळेत इंग्रजीची मुळाक्षरे गिरविली, तेथेच मुख्याध्यापक होण्याचा योग त्यांना आला. याच काळात त्यांनी इंग्रजी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके तयार केली. पहिले मार्गोपदेशिका आणि दुसरे मंदिरान्तःप्रवेशिका या नावांनी ओळखले जाते. तोवर संस्कृत शिकणे म्हणजे रूपे, सूत्रे व कोश यांच्या पाठांतराने आरंभ करणे असे मानले जाई. भांडारकरांनी व्याकरणाचा एक नियम, त्यावरील थोडा शब्दसंग्रह, संस्कृतातून इंग्रजीत व इंग्रजीतून संस्कृतात भाषांतरासाठी वाक्ये, असा क्रम घातला. त्यामुळे घरी शास्त्राची परंपरा नसलेल्या विद्यार्थ्यालाही संस्कृत शिकता येऊ लागले. ही पुस्तके शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली.

१८६८ च्या सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकपदाचे काम त्यांच्याकडे हंगामी स्वरूपात आले व त्यांनी ते काही वर्षे पाहिले. मात्र पद कायम करण्याची वेळ आली तेव्हा इंग्लंडहून आलेल्या पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली. भांडारकरांचे संशोधन तोवर विद्वानांच्या नजरेत आले होते, तरीही पुढील काही वर्षे त्यांना दुय्यम पदावर काम करावे लागले. वरिष्ठ शैक्षणिक पदे युरोपीय व्यक्तींनाच देण्याच्या तत्कालीन प्रथेचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते. या काळात त्यांनी लेखन थांबविले नाही. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाची त्यांची चिकित्सक आवृत्ती, पतंजलीच्या काळावरील लेख आणि विल्सन व्याख्यानमाला हे काम याच वर्षांतील आहे. पीटरसन यांच्याबरोबर पुढे हस्तलिखितांच्या शोधाचे कामही त्यांनी केले.

फ्रान्त्स कीलहॉर्न हे डेक्कन कॉलेजातून निवृत्त होऊन जर्मनीस परतल्यावर त्यांच्या जागी १८८२ साली भांडारकर प्राध्यापक झाले. १८९३ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली.

== संशोधन ==

=== पतंजलीचा काळ ===

पाणिनीच्या व्याकरणावरील ‘महाभाष्य’ या ग्रंथाचा कर्ता पतंजली केव्हा होऊन गेला, हा एकोणिसाव्या शतकातील संस्कृत विद्वानांचा एक मोठा वादविषय होता. पतंजलीचा काळ निश्चित झाला, तर त्याच्या आधीच्या व नंतरच्या अनेक ग्रंथांचा क्रम लावणे शक्य होणार होते.

भांडारकरांनी या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या उदाहरणांत शोधले. पतंजलीने वर्तमानकाळाचा प्रयोग समजावताना पुष्यमित्रासाठी चालू असलेल्या यज्ञाचा उल्लेख केला आहे. तसेच भूतकाळाच्या एका विशिष्ट प्रकाराचे उदाहरण म्हणून यवनांनी साकेत व मध्यमिका या नगरांना घातलेल्या वेढ्याचा निर्देश केला आहे. हा प्रकार केव्हा वापरावा, याचा नियम ठरलेला होता. घटना बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेली नसावी, पण ती लोकांत प्रसिद्ध असावी आणि त्याला पाहता आली असती इतकी अलीकडची असावी. उदाहरण नियमाला धरून असेल, तर वेढा पतंजलीच्या हयातीत पडलेला असला पाहिजे. पुष्यमित्र शुंगाचा काळ व ग्रीक राजा मिनँडर याच्या स्वाऱ्या यांच्याशी हा पुरावा जुळवून भांडारकरांनी पतंजलीचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास नेला.

थिओडोर गोल्डस्ट्यूकर यांनी या उल्लेखांपैकी काहींकडे आधी लक्ष वेधले होते. भांडारकरांनी त्या पुराव्याला नवी भर घालून तो पक्का केला. जर्मन विद्वान आल्ब्रेख्त वेबर पतंजलीला बऱ्याच नंतरच्या काळात ठेवीत असल्यामुळे ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात दोघांमध्ये दीर्घ वाद झाला. हिंदुस्थानी विद्वानाने युरोपातील मान्यवर पंडिताशी त्याच्याच पद्धतीने, समान पातळीवरून वाद करणे ही त्या वेळी नवी गोष्ट होती. पतंजलीचा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील काळ पुढे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारला.

=== भाषाशास्त्र ===

१८७७ साली मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत भांडारकरांनी सात व्याख्याने दिली. ती ग्रंथरूपाने १९१४ साली प्रसिद्ध झाली. वैदिक भाषेपासून अभिजात संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि आधुनिक भारतीय भाषा असा विकासाचा आलेख त्यांनी या व्याख्यानांत मांडला. मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली व उडिया या भाषांतील रूपांची त्यांनी तुलना केली.

उच्चारातील बदल मनमानी नसून नियमबद्ध असतात, हे या विवेचनाचे सूत्र आहे. संस्कृतातील हस्त या शब्दाचा प्राकृतात हत्थ व मराठीत हात होतो. त्याचप्रमाणे कर्णचा कण्ण व कान, सप्तचा सत्त व सात होतो. जोडाक्षर आधी एकसारखे होते, मग त्यातील एक व्यंजन गळते आणि भरपाईदाखल मागील स्वर दीर्घ होतो. बोलीभाषा म्हणजे बिघडलेले संस्कृत, ही समजूत अशा विवेचनामुळे मागे पडली आणि मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया घातला गेला.

=== शिलालेख व दख्खनचा इतिहास ===

१८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेचे निमंत्रण भांडारकरांना मिळाले. ते स्वतः जाऊ शकले नाहीत, परंतु नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध त्यांनी पाठविला. सातवाहन व क्षत्रप राजांच्या इतिहासावर त्यातून प्रकाश पडला. १८८६ साली व्हिएन्ना येथील परिषदेस मात्र ते उपस्थित राहिले.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरसाठी त्यांनी लिहिलेला ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’ हा ग्रंथ १८८४ साली प्रसिद्ध झाला व १८९५ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. आरंभीच्या काळापासून मुसलमानी सत्तेच्या स्थापनेपर्यंतचा दख्खनचा इतिहास त्यात आहे. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार व यादव या घराण्यांच्या वंशावळी त्यांनी ताम्रपट व शिलालेख यांच्या आधारे लावल्या. यादवांच्या इतिहासासाठी हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीचा उपयोग केला. त्याआधी महाराष्ट्राचा इतिहास सामान्यतः शिवकालापासून सांगितला जाई. त्यापूर्वीच्या दीड हजार वर्षांचा सुसंगत आराखडा या ग्रंथाने वाचकांपुढे आला. नंतर सापडलेल्या लेखांमुळे त्यातील काही तपशील बदलले, तरी पुढील इतिहासकारांनी याच आराखड्यावर काम केले.

=== हस्तलिखितांचा शोध ===

मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्कृत हस्तलिखिते मिळविण्याची मोहीम सुरू केली होती. गेओर्ग ब्यूलर व कीलहॉर्न यांच्यानंतर ही जबाबदारी भांडारकर व पीटरसन यांच्याकडे आली. गुजरात, राजपुताना व महाराष्ट्र येथील शास्त्र्यांची घरे, मठ आणि जैन ग्रंथभांडारे यांतून हस्तलिखिते विकत घेणे, नकलून घेणे किंवा त्यांची निदान नोंद करणे असे हे काम होते. अनेक मालक पोथ्या परक्याच्या हाती देण्यास तयार नसत. कित्येक पोथ्या वाळवी, कसर व दमट हवा यांमुळे नष्ट होण्याच्या मार्गावर होत्या.

भांडारकरांचे अहवाल केवळ याद्या नाहीत. ग्रंथाचा कर्ता, त्याचा काळ, त्याने उल्लेखिलेले पूर्वीचे ग्रंथ आणि लेखनिकाने दिलेली तिथी यांची चर्चा त्यांत असल्यामुळे ते संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासाचे साधन ठरले. त्यांनी व इतरांनी जमविलेला सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजात ठेवण्यात आला होता.

=== धर्मसंप्रदायांचा इतिहास ===

‘वैष्णविझम, शैविझम अँड मायनर रिलिजिअस सिस्टिम्स’ हा त्यांचा ग्रंथ १९१३ साली स्ट्रासबुर्ग येथून प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी मंद झाली होती. वासुदेवभक्तीचा उदय, भागवत संप्रदाय, रामानुज, मध्व, वल्लभ, चैतन्य, तसेच पाशुपत, लिंगायत, शाक्त व गाणपत्य पंथ यांचा आढावा त्यांनी घेतला. नामदेव व तुकाराम यांच्यावरील प्रकरणांमुळे वारकरी परंपरेची ओळख जगातील अभ्यासकांना झाली.

या ग्रंथातील काही मते वादग्रस्त ठरली. गोकुळातील बालकृष्णाची उपासना आभीर टोळ्यांबरोबर आली व तिच्यावर ख्रिस्ती कथांची छाया असावी, हे त्यांचे अनुमान अनेकांनी नाकारले. नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरांच्या भाषेहून बरीच अर्वाचीन दिसते, म्हणून ते ज्ञानेश्वरांनंतर सुमारे शंभर वर्षांनी झाले असावेत, हे मतही वारकरी परंपरेस मान्य झाले नाही. तोंडी परंपरेने आलेल्या अभंगांची भाषा काळाबरोबर बदलत जाते, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला.

== संशोधनपद्धती ==

भांडारकरांनी संशोधकाची भूमिका न्यायाधीशासारखी मानली. साक्षीदार किती प्राचीन आहे, त्याला घटनेची माहिती असणे शक्य होते काय, त्याचा काही स्वार्थ होता काय, हे तपासल्याशिवाय त्याची साक्ष स्वीकारू नये, असा त्यांचा आग्रह होता. १८८८ साली त्यांनी चिकित्सक, तुलनात्मक व ऐतिहासिक पद्धतीवर स्वतंत्र व्याख्यान दिले. भारतातील प्रत्येक चांगली गोष्ट ग्रीकांकडून आली असे मानण्याकडे काही युरोपीय विद्वानांचा कल होता. उलट सर्व शोध वेदांत आधीच आहेत असे मानण्याकडे काही देशी पंडितांचा कल होता. भांडारकरांनी दोन्ही प्रवृत्तींवर टीका केली आणि त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंचा रोष पत्करावा लागला.

== सामाजिक व धार्मिक कार्य ==

विद्यार्थिदशेत भांडारकरांचा संबंध परमहंस सभेशी आला. जातिभेद न मानणारी ही मंडळी गुप्तपणे एकत्र जमत. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाल्यावर ते त्याचे सभासद व पुढे एक प्रमुख आधारस्तंभ झाले. एकेश्वराची उपासना, मूर्तिपूजेस नकार आणि संतांच्या अभंगांवर आधारलेली प्रार्थना हे या समाजाचे स्वरूप होते.

संशोधन आणि सुधारणा यांचा सर्वांत थेट संबंध १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादात दिसून आला. मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करणाऱ्या विधेयकामुळे गर्भाधान संस्काराच्या धर्माज्ञेत हस्तक्षेप होतो, असा सनातनी पक्षाचा आक्षेप होता. भांडारकरांनी गृह्यसूत्रे, स्मृती व निबंधग्रंथ तपासून हा संस्कार लांबणीवर टाकण्यास शास्त्राचा अडसर नाही, असे प्रतिपादन केले. बाळ गंगाधर टिळकांसह अनेकांनी त्यांच्याशी जाहीर वाद केला. विधेयक मार्च १८९१ मध्ये संमत झाले.

त्याच वर्षी भांडारकरांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला असला तरी असे विवाह अत्यंत विरळ होते आणि ते करणाऱ्या कुटुंबांवर ज्ञातीकडून बहिष्कार पडत असे. सुधारणेचा पुरस्कार करणारे अनेक जण स्वतःच्या घरात ती आणण्यास कचरत असताना भांडारकरांनी ज्ञातीतील विरोध व निंदा सहन केली. १८९५ साली पुणे येथे भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते.

== सन्मान ==

१८८५ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. पदवी दिली. सी. आय. ई. आणि १९११ साली के. सी. आय. ई. हे किताब त्यांना मिळाले. दुसऱ्या किताबामुळे त्यांच्या नावामागे सर ही उपाधी लागली. व्हाइसरॉयच्या व मुंबईच्या कायदे मंडळांवरही त्यांनी काम केले. १९१९ साली पुणे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

== भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ==

भांडारकरांच्या ८० व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या चाहत्यांनी व शिष्यांनी पुणे येथे ही संस्था स्थापन केली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला देण्याचे ठरविले. १९१८ साली डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखित संग्रह संस्थेकडे सोपविण्यात आला. ज्या पोथ्यांच्या शोधासाठी भांडारकर गावोगाव फिरले, त्या अशा रीतीने त्यांच्याच नावाच्या संस्थेत सुरक्षित झाल्या.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याच्या कार्याचा प्रारंभ १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते झाला. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते पडताळून सर्वांत प्राचीन असा पाठ निश्चित करण्याचे हे काम विष्णु सीताराम सुखठणकर व त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पुढे नेले व ते १९६६ साली पूर्ण झाले.

== अखेरचे दिवस व वारसा ==

निवृत्तीनंतर भांडारकरांचे वास्तव्य पुण्यातील संगमाश्रम या निवासस्थानी होते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र श्रीधर हे संस्कृतचे अभ्यासक होते, तर देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे पुरातत्त्वज्ञ व कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक म्हणून प्रसिद्धीस आले. भांडारकरांचे समग्र इंग्रजी लेखन १९२७ ते १९३३ या काळात संस्थेने चार खंडांत प्रकाशित केले.

त्यांच्या अनेक निष्कर्षांत पुढील संशोधनाने फेरफार केले. नवा पुरावा मिळाल्यास जुने मत सोडले पाहिजे, हे त्यांच्याच पद्धतीचे तत्त्व असल्यामुळे हे फेरफारही त्यांच्या परंपरेला धरूनच झाले असे मानले जाते. मालवणसारख्या किनाऱ्यावरील गावातून, शास्त्राध्ययनाचा वारसा नसताना आलेल्या विद्यार्थ्याने संस्कृत विद्येला आधुनिक अभ्यासविषयाचे रूप दिले आणि तिचा अभ्यास करण्याची संधी पुढील पिढ्यांना पाठ्यपुस्तके, ग्रंथ, हस्तलिखिते व संस्था यांच्या रूपाने उपलब्ध करून दिली.